मचाण धुऱ्यावर न्या

एप्रिल उजाडला की विदर्भातल्या व्याघ्रप्रकल्पांत बुद्धपौर्णिमेच्या रात्रीची नोंदणी सुरू होते आणि बघता बघता संपते. ताडोबाचं बफर असो, पेंच असो, मेळघाट असो, सगळीकडे तोच प्रकार. दुपार कलली की मचाणावर चढायचं, सोबतीला वनविभागाने दिलेला गाइड, समोर पाणवठा, वर चंद्र, आणि सकाळी गाडी न्यायला येईपर्यंत खाली उतरायचं नाही. भडक कपडे नकोत, अत्तर नको, दारू-तंबाखू नको, फ्लॅश नको, बोलणं तर नकोच. एवढे नकार ऐकून घ्यायला माणसं पुण्या-मुंबईहून रजा टाकून येतात, तीही मे महिन्यात, चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना. त्यांच्या या हौसेबद्दल मला आदरच आहे. वाघाच्या मुलखात एक रात्र काढावी असं ज्याला वाटतं, तो माणूस जिप्सीतून तासाभरात वाघ 'उरकणाऱ्या' माणसापेक्षा नक्कीच बरा. माझा आक्षेप आहे तो मचाण कुठे बांधलंय, यावर.

पूर्वी या रात्रीला प्राणीगणना म्हणत. हिशेब सरळ होता. उन्हाळ्यात जनावर पाण्यावर येणारच, पौर्णिमेला उजेड असतोच, तेव्हा पाणवठ्यावर बसून राहायचं आणि जे येईल ते तक्त्यात भरायचं. वाघांसाठी याच्या जोडीला पावलांचे ठसे घेत. काचेवर ठसा गिरवायचा, त्यावरून नर की मादी, हा की तो, असं ठरवायचं. १९७२ मध्ये देशात १,८२७ वाघ मोजले गेले आणि पुढे तीसेक वर्षं कागदावरचे आकडे ठशांच्या भरवशावर चालले. त्यांचं भांडं फुटलं सरिस्कात. तिथे एकही वाघ उरलेला नाही हे २००५ मध्ये उघड झालं. मग सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली टायगर टास्क फोर्स नेमला गेला, पद्धत बदलली, कॅमेरे लागले, आणि २००८ मध्ये नवा आकडा जाहीर झाला तो १,४११. वाघाचे पट्टे माणसाच्या बोटाच्या ठशांसारखे, एकाचे दुसऱ्याला नसतात, त्यामुळे फोटो हाच पुरावा. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. २०२२ च्या गणनेत देशात ३,६८२ वाघांचा अंदाज निघाला, महाराष्ट्रात ४४४. या सगळ्या खटाटोपात मचाणावरच्या हौशी माणसाने भरलेल्या तक्त्याची कुणाला गरज नाही. वनविभागानेही ते मान्य करून या रात्रीचं नाव आता 'निसर्गानुभव' केलं आहे. हा प्रामाणिकपणा चांगला आहे. पण मोजायचं नसेल तर पाणवठ्यावरच का बसायचं, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

शिकारीच्या जमान्यात एक गोष्ट चाले, तिला म्हणत गाऱ्यावर बसणं. रेडकू बांधायचं, किंवा वाघाने मारून ठेवलेल्या जनावराजवळच्या झाडावर मचाण बांधायचं, आणि तो परत येईपर्यंत दम धरायचा. ताडोबात शिकार बंद झाली १९३५ मध्ये, राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ मध्ये, आणि देशभर कायद्याने हात बांधले गेले ते १९७२ मध्ये. बसायची जागा निवडताना मात्र आपण अजून शिकाऱ्याच्याच डोक्याने विचार करतो. जनावराला जिथे यावंच लागेल, तिथे बसायचं. रेडकाच्या जागी पाणी आलं, एवढाच फरक. वैशाखात नाले कोरडे पडलेले असतात, सौरपंपाने किंवा टँकरने भरलेले पाणवठेच काय ते उरतात, आणि नेमक्या त्या दिवसांत, त्याच रात्री, जवळजवळ प्रत्येक पाणवठ्यावर आपण माणसं बसवतो. बछडी असलेली वाघीण माणसाचा वास आला तर झाडीतच थांबते. तहान सोसून थांबते. वर्षातल्या एका रात्रीने जंगलाचं वाटोळं होत नाही, हे मला मान्य आहे. पण जनावराच्या सगळ्यांत गरजेच्या जागी आपली खुर्ची मांडायची आणि त्याला अनुभव म्हणायचं, ही समजूत काही बरी नव्हे.

मी असा बसलेलो आहे, त्यामुळे हे लांबून बोलत नाही. बफरमधलं लोखंडी मचाण होतं. दिवसभर तापलेला पत्रा रात्री अकरापर्यंत खालून भाजत होता. अंधार पडला तसे मोर गप्प झाले आणि रातव्याने ठोका धरला. चितळं आली, दोनदा बिचकून मागे फिरली आणि तिसऱ्यांदा पाण्याला तोंड लावून गेली. मग अस्वल आलं. अस्वल दिसायच्या आधी ऐकू येतं, कारण त्याची नखं दगडावर वाजतात. पाणी पिताना ते असा काही सुरसुर आवाज करतं की समोर जंगली जनावर आहे की बशीतून चहा पिणारे कुणी आजोबा, असा प्रश्न पडावा. पिऊन झाल्यावर ते मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, आमच्या दिशेने नाक वर करून हवा हुंगली आणि अजिबात घाई न करता निघून गेलं. चंद्र डोक्यावर आल्यावर नाल्याकडून सांबराने धोक्याचा आवाज दिला. गाइडने फक्त एक बोट वर केलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. वाघ तिथे होता, आमच्यापासून फार लांब नव्हता, आणि तो पाण्यावर आला नाही. का आला नाही, याचं कारण मचाणावर बसलेलं होतं.

पहाटे उजाडताना गाइड बोलायला लागला. बफरमधल्याच गावचा, तीन एकर धानाचा मालक, पन्नाशीच्या आतबाहेरचा. ''आमच्या वावरातल्या मचानीवर असं गप बसाले लागत नाही भाऊ,'' तो म्हणाला. ''तिथं डबा वाजवाचा, बॅटरी माराची, आरोळी द्याची. डुक्कर पळाला पायजे. आन् वाघ असंल, तं त्यालेबी समजलं पायजे का इथं मानूस हाये.''

हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. पण माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा तिथे आहे.

पूर्व विदर्भात याला जागली म्हणतात. धान निसवायला लागलं की जागलीचे दिवस येतात. वावरात चार बांबूंवर किंवा मोहाच्या फांदीवर मचाण, वर गवताचं किंवा प्लॅस्टिकचं छप्पर, एक चादर, एक टॉर्च, टिनाचा एक डबा. जेवण उरकून माणूस घरून निघतो आणि दिवस उगवल्यावर परततो, परतून पुन्हा दिवसाचं काम आहेच. रानडुकरांचा कळप एका रात्रीत धानाची बांधी अशी तुडवतो की सकाळी तिथे रोवणी झाली होती हे सांगूनही पटत नाही. रोही आणि चितळं त्या मानाने सभ्य, खाऊन जातात. नुकसान झालं तर तलाठी, वनरक्षक आणि कृषी सहायक यांना एका दिवशी, एका बांधावर गाठून पंचनामा करून घ्यायचा असतो. ज्याने हे एकदा केलं तो पुढच्या वेळी जागलीलाच जातो. आणि जिथे डुक्कर जातं तिथे त्याच्या मागे वाघ जातो. सगळ्यांत धोक्याचा भाग मचाणावरचा नसतोच. घर ते वावर ही अंधारातली पायवाट असते, ती ओलांडायची असते.

इकडे पुणे जिल्ह्यात चित्र थोडं वेगळं, अर्थ तोच. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत उसात बिबटे जन्मतात, वाढतात, उसालाच घर मानतात. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की शेतकऱ्याला त्याच उसात पाण्याची दारं मोडायला जावं लागतं. दिवसा वीज द्या, ही तिथली मागणी वरवर पाहता वीजमंडळाकडची आहे, पण तिच्यामागे बिबट्या आहे. वाघ-बिबट्यांच्या सहवासातली रात्र हवी असणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं की महाराष्ट्रात अशा रात्री हजारो माणसं काढतात. त्यांची नोंदणी कुठे होत नाही आणि त्या रद्दही करता येत नाहीत.

१० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल गावच्या तीन बाया जंगलात तेंदूपानं तोडताना वाघाच्या हल्ल्यात मेल्या. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी. त्या वर्षीची बुद्धपौर्णिमा होती १२ मेला. या दोन तारखा शेजारी शेजारी आल्या यात कुणाचा दोष नाही, हंगामच तसा आहे. तेंदूचं कोवळं पान वैशाखातच येतं. ऊन चढायच्या आत तोडावं लागतं म्हणून बाया झुंजुमुंजू असताना निघतात, आणि तोडताना वाकावं लागतं. वाकलेला माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो, हे वनरक्षकापासून शास्त्रज्ञापर्यंत सगळे सांगतात. दुपारी घरी सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, नेऊन द्यायचे. पावसाळ्याआधी हातात रोख पैसा येण्याचा हा अनेक घरांचा मुख्य मार्ग. एकाच जंगलात, एकाच आठवड्यात एकजण पैसे भरून वाघाची वाट बघतो आणि दुसरी पैसे मिळावेत म्हणून त्याच्या वाटेत जाते. वाघाच्या हल्ल्यात माणूस मेला तर सरकार वारसांना आता २५ लाख रुपये देतं. रक्कम लहान नाही. पण ती मेल्यावर मिळते.

अशी बातमी आली की शहरातून ठरलेलं वाक्य येतं: माणसांनीच जंगलात अतिक्रमण केलंय. मला या वाक्याचा मनापासून राग येतो, कारण ते म्हणणाऱ्याला फुकट पडतं. ताडोबाच्या परिसरात माणूस काल आलेला नाही. ताडोबा हे नाव ज्या तारू देवावरून पडलं असं सांगतात, तो गोंडांच्या कथेत वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुखच आहे. तलावाकाठचं त्याचं ठाणं कुठल्याही शासननिर्णयाच्या आधीपासूनचं. रेषा नंतर आल्या. १९५५ मध्ये उद्यान, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य, १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प, मग ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा आणि त्याभोवती अकराशे चौरस किलोमीटरचं बफर. गाभ्यातली काही गावं उठून बाहेर गेली. वाघ वाढले तेही बाहेर आले, कारण तरुण वाघाला बापाच्या इलाक्यात जागा नसते. आज चंद्रपूर जिल्ह्यातले कितीतरी वाघ ब्रह्मपुरीसारख्या वनविभागांत राहतात, जिथला बहुतेक भाग ना उद्यान, ना व्याघ्रप्रकल्प. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारातसुद्धा वाघ फिरतात. त्या केंद्रातली वीज आणि आसपासच्या खाणींतला कोळसा कुणाच्या घरातले एसी चालवतो, हे विचारलं तर अतिक्रमणाची चर्चा फार लांबपर्यंत जाईल. इथे तेवढी नको.

रात्रीच्या पर्यटनाची दुसरी तऱ्हा आहे जिप्सीची, आणि तिच्याबद्दल माझ्या मनात काही दुमत नाही. अंधारात गाडी, हेडलाइट, हातात स्पॉटलाइट, उजेडाने डोळे दिपलेलं जनावर. वाघाच्या डोळ्यात मागे आरशासारखा पडदा असतो, त्यामुळे अंधारात त्याला आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं. त्या डोळ्यावर झोत मारणं म्हणजे त्याची शिकार हिरावून घेणं. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉर्बेटच्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांतलं रात्रीचं पर्यटन बंद करायला सांगितलं आणि गाभा क्षेत्राच्या पर्यटन भागात मोबाइल वापरायलाही मनाई केली. चांगलं झालं. दिवसाउजेडी काय होतं ते आपण २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-कऱ्हांडल्यात पाहिलंच. वाघीण आणि तिची पाच बछडी मधे, दोन्ही बाजूंनी जिप्सी. नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाईची कुऱ्हाड आधी पडली ती चालक आणि गाइडांवर. त्यांची चूक होतीच. पण मागच्या बाकावरून ''अजून थोडी पुढे घ्या ना'' म्हणणारा आवाज कुणाचा होता आणि टिप कुणाच्या हातात असते, हे जिप्सीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पर्यटन असेल तरच वाघ वाचेल, हा युक्तिवाद २०१२ मध्ये जोरात होता. त्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातलं पर्यटन काही काळ थांबवलं तेव्हा व्यवसायातली मंडळी म्हणाली, पर्यटक हे जंगलाचे कान-डोळे आहेत. ऑक्टोबरमध्ये बंदी उठली, गाभ्याच्या २० टक्क्यांपर्यंत पर्यटनाला मुभा राहिली. कान-डोळ्यांचा मुद्दा मात्र मला कधीच पचला नाही. सरिस्का काही पर्यटकांविना ओस पडलेलं नव्हतं. पर्यटनाचा खरा उपयोग पैशांचा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. प्रवेशशुल्क प्रकल्पाच्या प्रतिष्ठानकडे जातं, त्यातून गावांत कामं होतात. बफरमधल्या गावांसाठी जन-वन विकास योजना आहे, तिच्यामुळे घरोघरी गॅस आला आणि सरपणाच्या फेऱ्या घटल्या. मोहर्लीसारख्या गावात गाइड, चालक, होमस्टे यांवर घरं चालतात, बायाही गाइड झाल्या आहेत. पण गेटाला लागून असलेलं गाव आणि त्याच्या मागचं, रस्ता नसलेलं गाव यांत फरक राहतोच. वाघ दोन्हीकडे सारखा जातो, पर्यटक एकीकडेच थांबतो. ज्या गावच्या बाया मेल्या, त्या गावात रिसॉर्ट नसतं.

म्हणून माझी सूचना अशी: मचाण पाणवठ्यावरून उचला आणि वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, न्या.

मुक्काम गावात करा, गेटाजवळच्या नव्हे, मागच्या गावात. रात्रीचं जेवण शेतकऱ्याच्या घरी, दिवस मावळायच्या आत वावरात, आणि रात्रभर त्याच्यासोबत जागली. तो डबा वाजवेल तेव्हा वाजवायचा, तो गप्प म्हणेल तेव्हा गप्प. भाडं थेट त्याच्या हातात, गावातली परिस्थितिकीय विकास समिती ठरवेल त्या दराने. यात वाघ दिसेल का? बहुधा नाही. पाणवठ्यावर तरी कुठे दिसतो? २०१८ च्या गणनेत तीन कोटी अठ्ठेचाळीस लाख फोटो निघाले आणि त्यांत वाघांचे होते ७६,६५१. म्हणजे जंगलात चोवीस तास डोळे उघडे ठेवून बसलेल्या यंत्रालासुद्धा साडेचारशे फोटोंत एकदा वाघ मिळतो. एका रात्रीच्या माणसाने फार आशा धरू नये. मात्र धुऱ्यावर त्याला डुकरांचा कळप भेटेल, दूर कुठेतरी वाघाची डरकाळी ऐकू येईल आणि ती ऐकल्यावर शेजारचा माणूस काय करतो ते बघता येईल. हे दुसरं बघायला मिळणं मला जास्त मोलाचं वाटतं. लघवीला खाली उतरायचं की नाही, याचा विचार माणूस किती वेळ करतो ते तिथे कळतं.

यात हंगामही बदलतो, आणि हा माझ्या दृष्टीने मोठा फायदा. जागली असते ती धान निसवल्यापासून कापणीपर्यंत, दसरा-दिवाळीच्या आगेमागे, आणि पुढे थंडीत हरभऱ्याला. वैशाखात पाणवठ्यावर गर्दी करायची गरजच उरत नाही. त्या रात्री तहानलेल्या जनावरांना पाणी पिऊ द्या.

शिवाय यात वाघाचा थेट फायदा आहे, आणि तो मी सर्वांत वर धरतो. जागलीला जायला माणूस नसला की शेतकरी काय करतो? कधीकधी तारेत करंट सोडतो. डुकरासाठी लावलेल्या त्या जिवंत तारेत वाघ अडकून मरतात, विदर्भात हे वारंवार झालंय, आणि मग शेतकऱ्यावर गुन्हा दाखल होतो, वाघ पुरला किंवा जाळला जातो, दोघंही संपतात. सौर कुंपण झटका देतं, मारत नाही; सरकार त्याला मदतही देतं, पण ते सगळ्यांच्या शेतावर पोचलेलं नाही. पैसे मिळत असतील तर माणूस जागायला तयार असतो. सोबत असेल तर आणखीच. एका हंगामात पाचपंचवीस रात्रींचं भाडं सुटलं तर तार टाकायचं कारण कमी होतं. अतिशय साधा व्यवहार आहे, कुणाच्या प्राणिप्रेमावर विसंबलेला नाही.

आक्षेप येतील. पहिला सुरक्षेचा, आणि तो रास्त आहे. जिथे माणसांवर हल्ले करणारा वाघ फिरतोय त्या शिवारात पाहुणा नेऊच नये. मचाण उंच आणि बंदिस्त हवं, ये-जा उजेडीच हवी, गावच्या प्राथमिक प्रतिसाद दलाला खबर हवी. या साऱ्या गोष्टी पाहुण्यासाठी केल्या की त्या शेतकऱ्यालाही मिळतील. चांगलं मचाण पाहुणा गेल्यावर वावरातच राहतं. सीतारामपेठला वाघ गावाकडे आला की इशारा देणारे कॅमेरे लागले, तसं काही धुऱ्यांवर आणायला पाहुण्यांची सबब चालणार असेल तर तीही चालेल. आपल्याकडे गावकऱ्याच्या जिवापेक्षा पाहुण्याच्या जिवाची काळजी लवकर घेतली जाते, या दोषाचा एकदा उपयोग करून घेऊ.

दुसरा आक्षेप सुशिक्षित मंडळींचा असेल: हा शेतकऱ्याच्या हालांचा तमाशा होईल. होऊ शकतो. गावाने नाही म्हटलं तर विषय संपला. पण यजमान तो असेल, दर तो सांगेल, 'उद्या नका येऊ' म्हणायचा अधिकार त्याचा असेल, तर तमाशा कमी आणि धंदा जास्त होईल, आणि धंद्यात कमीपणा नाही. तसं पाहिलं तर पाणवठ्यावरही आपण कुणाचे तरी हालच बघत असतो, तहानलेल्या जनावराचे. ते बघताना कुणाला संकोच वाटल्याचं ऐकलं नाही.

तिसरा आक्षेप असा की लोकांना एवढं नकोच असतं, त्यांना वाघ हवा असतो, जवळून, हमखास. अशांसाठी जगात सोय आहे. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात स्मार्डन गावाजवळ मोठ्या मांजरांचं एक अभयारण्य आहे, खरं तर बंदिस्त संगोपन केंद्र. तिथे पिंजऱ्याला लागून छान खोल्या आहेत. रात्री मुक्काम करा, सकाळी पडदा सारला की समोर वाघ. मला ते प्रामाणिक वाटतं. जनावर बंदिस्त आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पैसे त्याच्या पालनपोषणाला जातात, आणि शेजारच्या शेतात कुणी एकटा माणूस डबा वाजवत बसलेला नाही. आपल्याकडे तो बसलेला आहे. त्याला वगळून चंद्रपूरचं जंगल केंटसारखं विकायला गेलं तर ते खोटं होतं.

वनविभाग म्हणेल, खाजगी शेत आमच्या अखत्यारीत येत नाही. खरं आहे. पण गावसमित्या त्यांच्याच आधाराने चालतात, प्रतिष्ठान त्यांचं आहे, नोंदणीचं संकेतस्थळ त्यांचं आहे. दोनतीन गावांत एक हंगाम करून बघायला नवा कायदा लागत नाही. रात्रीच्या पर्यटनावर न्यायालयाचा निकाल आलेला असताना तर पाणवठ्यावरच्या मचाणाचं काय करायचं याचा विचार त्यांना तसाही करावाच लागेल.

वाचणाऱ्यांना मात्र एक विनंती. वाघाच्या मुलखात रात्र काढायची असेल तर वैशाख सोडा, आश्विन-कार्तिकात जा. नोंदणी करताना विचारा की पैसे कुठल्या गावाला जातात. मचाण मागायचंच तर धुऱ्यावरचं मागा. चार जणांनी मागितलं तर पाचव्या वर्षी ते मिळेल. आणि पुढच्या मे महिन्यात तेंदू तोडायला गेलेली बाई वाघाने मारल्याची बातमी मोबाइलवर येईल तेव्हा, कशाला गेली होती जंगलात, असं खाली लिहू नका. तेंदूचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असतो, आणि तो मे महिन्यातच असतो.